दोनशे वर्षांची चाल

चहा संपवा आधी. पुढचं ऐकल्यावर घोट नाकातून बाहेर येईल, मग मला बोल लावाल! या वयात, परक्या मुलखात, भरल्या हॉलात माझी जी शोभा झाली ना, ती मीच सांगतो. दुसऱ्यानं सांगितली तर तिखटमीठ लावंल.

मी पोराकडं आलोय, अमेरिकेत, नेपरव्हिलला. बाहेर जावं तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. वाचावं तर अक्षरांचं आणि माझं लहानपणापासून वाकडं. मग मी, आणि शाळेतून आली की माझी नात रिया. नऊ वर्षांची.

तिला एका जपानी गायकाचं लई वेड. कार्टूनची, पोरासोरांच्या टीव्हीची गाणी म्हणणारा म्हातारा.

"आबा, ही इज ओल्ड, जस्ट लाइक यू!"

बरं बाई! पण गळा? अहो, जत्रेतला शाहीर झक मारंल. असा म्हणतो, जसा काही आत्ताच्या आत्ता गड घ्यायचाय. मला कळतंय काय, ओ की ठो नाही. पण मांडीवर ताल धरायला भाषा कशाला लागते?

आता आमच्या गावच्या भजनी मंडळाची खोड तुम्हाला ठाऊक आहे. सिनेमाचं गाणं गाजलं, की आठवड्यात त्या चालीवर आमचा देव हजर! माझेही हात शिवशिवले. त्या जपान्याचं सगळ्यात जोरकस गाणं निवडलं, आणि घातले शब्द: 'मोदकांचं ताट केलं, धाव रे गणोबा!' काय बसलं म्हणता!

इथल्या मराठी मंडळात एक देशपांडेकाका आहेत. पुण्याचे. उठता बसता म्हणणार, "नव्या चाली म्हणजे परंपरेचा खून!" म्हटलं, थांब लेका. गणपतीची प्रॅक्टिस आमच्याच घरी होती. भजन म्हटलं आणि ठोकून दिलं, "माझ्या पणज्याची चाल. दोनशे वर्षांची."

काकांच्या डोळ्यांत पाणी! "आबा, हा ठेवा आहे हो, ठेवा! राग कुठला?"

"राग पणज्याच्या नाकावर असायचा," मी म्हटलं.

माणूस हसला नाही. फोनमध्ये रेकॉर्ड केलं, सगळ्यांना फॉरवर्ड केलं. वीस बाया-बाप्ये डोळे मिटून म्हणायला लागले. मी आतल्या आत लोळतोय!

तेवढ्यात बेसमेंटमधून रिया धावत आली. "आबा! दॅट्स माय सिंगर्स साँग!"

मी गार. आता फुटलं बिंग! पण काकांनी टाळी वाजवली. "बघा! आपली चाल जपान्यांनी चोरली! गणपतीत मी स्टेजवरनं जाहीर करणार. त्या गायकाला पत्रसुद्धा लिहिणार!"

रियाचं तोंड एवढंसं झालं. "ही इज नॉट अ चोर! आबा, टेल देम ना!"

आणि मी काय केलं असंल? मिशीवर हात फिरवत बसलो. इज्जतीचा सवाल होता ना!

पोरगी बोलायची बंद झाली. शाळेतून यायची, थेट खाली. गाणं नाही, काही नाही. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मी पिठलं केलं, तर म्हणे, "नो थँक यू." मला! आबाला! तुम्हाला सांगतो, नातीचं नो थँक यू शिवीपेक्षा लागतं.

गणपतीच्या दिवशी हॉल गच्च. भजन सुरू झालं, तर मागच्या रांगेतली पोरं फोन टाकून उठली आणि पोट धरून हसायला लागली. काकांना वाटलं, पोरं भजनात रंगली. खूश! "बघा, परंपरा रक्तात असते!" मग माइक घेतला. "मंडळी, एका जपानी गायकानं आपली ही चाल..."

रियानं मान खाली घातली. उठलो आणि माइक हिसकावला.

"चोर मी आहे! तो जपानी म्हातारा नव्हे. मला पणज्याचं नावसुद्धा ठाऊक नाही, त्याची चाल कुठनं आणू? गाणं त्याचं, लबाडी माझी. रिया, आबा चुकला गं!"

पोरगी पळत आली आणि कमरेला मिठी. जग जिंकलं हो! तिथंच थांबलो असतो तर बरं होतं. पण छाती फुगली ना! म्हटलं, "सांग बेटा सगळ्यांना, कुठल्या लढाईचं गाणं आहे ते!"

"लढाई? नो, आबा." रियानं माइक घेतला. "इट्स फॉर बेबीज. डायपर सोडून पॉटीवर बसायला शिकवतात ना? त्याचं."

हॉलात मग जो हशा उठला! गणोबासुद्धा सोंडेआड हसला असणार.

हसले नाहीत फक्त देशपांडेकाका. त्यांनी सूड राखून ठेवला होता. आता रोज सकाळी सातला त्यांचा फोन येतो. हॅलो नाही, नमस्कार नाही. एवढंच विचारतात:

"काय आबा, झाली का परंपरा?"