चिंधी तिनं बांधली होती

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशी नाही, भावापाशी नाही. दोन घोट पोटात गेल्यावर माणूस काय काय बरळतो — पण हे कधी तोंडात आलं नाही. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका.

आमची पोरगी शीतल. लहानपणी लई विसराळू, राव. डबा शाळेत, छत्री एसटीत, मीठ आणायला धाडली तर दुकानाच्या ओट्यावर मांजराशी खेळत बसायची. पिंपरी पेंढारला आमच्या वस्तीवर सगळे तिला 'येडं ध्यान' म्हणायचे. मीही म्हणायचो. वर हसायचो. काय बाप म्हणायचा हा?

तिची आई वेगळी. ती म्हणायची, 'तुमी एकदम चार कामं सांगता, लेकराच्या डोक्यात गर्दी व्हती. एकेक सांगा.' दप्तर आदल्या संध्याकाळीच भरून दाराशी ठेवायचं. काम करताना तोंडानं बोलायचं — आता हे, मग ते. आणि चुकली तरी हातातलं काम काढून घ्यायचं नाही. मला हे सगळे फालतू लाड वाटायचे. पण पोरगी सुधारत होती. दिसत होतं की मला! कबूल कोण करणार?

सातवीत असताना तिनं हट्टच धरला, ठिबकचे वॉल मी बदलणार. ज्यांना शेतीतलं माहीत नाही त्यांना सांगतो — मोटर चालू असताना आधी पुढच्या वावराचा वॉल उघडायचा, मगच मागचा बंद करायचा. सगळेच बंद झाले की पाण्याला वाट राहत नाही, पाइप फुटतो. तिच्या आईनं जुन्या परकराची लाल चिंधी फाडून दिली. जो वॉल उघडा, त्याच्यावर चिंधी. पोरगी बांधावरनं पुटपुटत फिरायची, 'उघडला, बांधली, बंद.' अख्खा हंगाम चुकली नाही. एकदाही नाही.

त्या रविवारी मोटरीला दिवसाची लाईट होती. टोमॅटोचं पाणी झालं तसं तिनं फ्लॉवरचा वॉल उघडला, टोमॅटोचा बंद केला आणि घरी चहाला गेली. मी तिथनं चाललो होतो, कानाला फोन. व्यापाऱ्यानं गाडी पाठवली नव्हती, मी तापलेला. टोमॅटोला पाणी झालंय, बंद करावं — एवढंच डोक्यात. हात घातला, वॉल फिरवला, पुढं गेलो. कुठला वॉल ते बघितलंच नाही. चिंधी हाताला लागली असेल ना? लागलीच असणार.

थोड्या वेळात खालच्या अंगाला फाडकन आवाज. पाइप फुटला तो नेमका कांद्याच्या रोपाशी. रोप माझं आणि थोरल्या भावाचं मिळून. मोटर बंद करेस्तोवर वाफे वाहून गेले, लावायला काडी उरली नाही.

मी पळत वॉलपाशी आलो. फ्लॉवरचा वॉल. बंद. आणि त्याच्यावर लाल चिंधी, नीट गाठ मारलेली.

तिकडनं दादा ओरडत येत होता, 'कुनी केलं रं हे?' आणि मी — कसं सांगू तुम्हाला — मी ती गाठ सोडली. चिंधी खिशात घातली. आणि म्हणालो, 'शीतल व्हती वॉलवर.'

पोरगी धावत आली. 'पप्पा, मी उघडला व्हता! चिंधी बांधलीय, बघा ना!' बघायला काय होतं तिथं? तिनं दोन्ही वॉल पाहिले, रडत चिखलात हात घालून शोधलं, स्वतःच्या फ्रॉकचा खिसा उलटा करून पाहिला. दादा बघत होता. मी तिच्या कानाखाली वाजवली. वर म्हणालो, 'खोटं बोलती!'

तिचं रडू थांबलं. चिखलाचे हात बघत हळूच म्हणाली, 'इसरले असंन मी.'

दादा काय मला फाडून खाणार होता? दोन दिवस फुगला असता, बस. तेवढ्यासाठी.

चिंधी मी संध्याकाळी बंबात टाकली. जेवताना बायको म्हणाली, 'माझंच चुकलं. लेकराला झेपना ते शिकवाय गेले.' मी भाकरी मागून घेतली, चांगलं आठवतंय. तिनं पुढं शीतलला पुन्हा काही शिकवू पाहिलं, पण पोरगी म्हणायची, 'ऱ्हाऊ दे मम्मी, मला नाय जमणार.' वॉलला ती परत शिवली नाही.

आता कळंबला दिली आहे. कुलूप लावते, चार पावलं जाते, परत येऊन ओढून बघते. गॅस बंद केला का, म्हणून शेजारणीला फोन करते. नवरा चिडतो. ती मुकाट्यानं ऐकून घेते — माझ्या पोरीला स्वतःचा भरवसाच उरला नाही हो.

मंचरला एका मेडिकल दुकानात कामाला जाते. परवा तिचा फोन आला. मालक म्हणाले, तू हुशार आहेस, दुकान तूच सांभाळ, चावी घे. हिनं नको म्हणून सांगितलं.

'मी इसरते ना पप्पा. तुमाला तर म्हाईतीये.'

मी फोन कानाला धरून उभा. बायको आत भांडी घासत होती.

'व्हय,' मी म्हणालो. 'बरं केलंस.'