एक चाप की दोन

आमच्या ह्यांनी पुण्यात असताना उभ्या आयुष्यात एक झुरळ मारलं नाही. झुरळ दिसलं की हे पलंगावर आणि मी चप्पल घेऊन जमिनीवर, अशी आमची कामाची वाटणी होती. न्यूझीलंडला आल्यावर चपलेचं नाव जँडल झालं, वाटणी तीच राहिली. अशा माणसानं पन्नाशी उलटल्यावर एकदा जेवताना भाताचा घास हातातच धरून मला विचारलं, "तुला काय वाटतं, नळ्या शेजारी शेजारी असाव्यात की एकावर एक?"

मला वाटलं, बाथरूमचं काम काढतायत. म्हटलं, "प्लंबर सांगेल तसं करा."

प्रश्न बंदुकीचा होता. दुनळी रायफलीचा. आणि त्याचं मूळ आमच्या मुलीच्या लग्नात होतं.

मुलगी इथेच जन्मलेली. ऑकलंडच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला राहते, तिथेच नोकरी करते, आणि तिनं स्वतःसाठी पसंत केलेला मुलगा शेतकऱ्याचा. इथला शेतकरी म्हणजे डोंगरच्या डोंगर मालकीचे, त्यांवर मेंढ्या, आणि मेंढ्यांच्या मधोमध गमबूट घातलेला एक शांत माणूस. हा शांत माणूस आमचा व्याही होणार होता. त्याला नाद एकच. वडिलांच्या वेळची दुनळी रायफल घेऊन कुरणं उकरणारी रानडुकरं मारायची. पहिल्याच भेटीत त्यानं ती ह्यांना दाखवली आणि सहज म्हणाला, लायसन्स काढा, या एकदा. ह्यांनी ते आमंत्रण न समजता आव्हान समजलं. मुलीच्या बापानं व्याह्यापुढे वाकायचं असतं हे ह्यांना घरातूनच शिकवलेलं. निदान बंदुकीच्या बाबतीत वाकायचं नाही, असं ह्यांनी मनाशी पक्कं केलं.

मुलीनं आम्हाला वेगळंच बजावलं होतं. "आई, प्लीज, डोंट बी वीअर्ड देअर." वीअर्ड म्हणजे नेमकं काय, ते तिनं फोड करून सांगितलं नाही, पण मी आई आहे, मला सगळं पाठ होतं. स्टीलच्या डब्यातून चिवडा नेणं वीअर्ड. निघताना "येतो" म्हणून पुन्हा अर्धा तास दारात उभं राहणं वीअर्ड. आणि त्यांच्यासमोर मराठीत बोलणं सगळ्यांत वीअर्ड. मराठी तिला सगळी कळते, उत्तर इंग्रजीत येतं, याची सवय मला होती. पण त्या घरात मी मराठीत काही विचारलं तर ऐकूच आलं नाही असा चेहरा करायची. बापाला घरी बाबा, तिथे डॅड. मुली लग्न होऊन जातात हे मला ठाऊक आहे, मीही गेले. पण ही लग्नाआधीच चालली होती आणि जाताना माझी भाषा माझ्याच पदरात टाकून चालली होती. ते मला फार लागायचं. ह्यांना त्या दिवसांत बंदुकीपुढे काहीच लागत नव्हतं.

लायसन्ससाठी एक बाई घरी येऊन माझी वेगळी मुलाखत घेऊन गेल्या. नवऱ्याला राग येतो का, आला तर काय करतो, असं त्यांनी गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, येतो की, आमटीत गूळ कमी पडला तर. मग ताटावरून उठतात, आणि कोणी बोलावलं नाही की परत येऊन बसतात. बाईंनी तेही लिहून घेतलं. यथावकाश लायसन्स आलं आणि बंदुकीसाठी पोलादी तिजोरी भिंतीत बोल्टांनी ठोकली गेली. माझे दागिने अजून साडीच्या घडीत आहेत.

मग तुलना सुरू झाली. हे आयटीतले, तुलनेशिवाय ह्यांना टूथब्रशही घेता येत नाही. माझ्या स्वयंपाकघरातली दोन लाटणी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवायची, मग एकावर एक धरायची, आणि मी पोळ्या कशानं लाटणार हा प्रश्न कोणाला पडायचा नाही. शेजारी शेजारी नळ्या असल्या की बंदूक मधून थोडीशीच उघडावी लागते, काडतुसं चटकन भरता येतात. पण नेम धरताना डोळ्यापुढे दोन नळ्यांची रुंद गच्ची येते. एकावर एक असल्या की डोळ्यापुढे नळी एकच, नेम साध्या रायफलीसारखा. पण खालच्या नळीत काडतूस घालायला बंदुकीनं हा मोठा आ वासावा लागतो. हे सगळं मला कसं माहीत, असं कोणी विचारू नये. फोडणीत मोहरी तडतडत असताना कानांना झाकण नसतं.

त्यानंतर चाप. व्याह्यांच्या बंदुकीला दोन चाप होते, पुढचा ओढला की उजवी नळी, मागचा ओढला की डावी. एक रुसला तरी दुसरा आहे. ह्यांना ते जुनाट वाटलं. ह्यांना हवा होता एकच चाप. बोट हलवायला नको, तोच पुन्हा ओढायचा. पहिला बार उडाला की त्याच्या धक्क्यानं आतला एक इवलासा तुकडा सरकतो आणि तोच चाप दुसऱ्या नळीला जोडला जातो, हे सांगताना ह्यांचा चेहरा असा व्हायचा जसा मुलगी झाली तेव्हाही झाला नव्हता.

मी म्हटलं, "तुम्हाला चाप लावायला मी एकटी पुरते. एकच घ्या."

शेवटी एकावर एक नळ्यांची, एकाच चापाची सेकंडहँड रायफल आली. हे तिचं माहात्म्य व्याह्यांना फोनवर ऐकवायचे. पलीकडून बऱ्याच वेळानं आवाज यायचा, "येह, नाह." हे फोन ठेवून खुशीत म्हणायचे, "बघ, अर्धं पटलंय त्याला." इतकी वर्षं या देशात काढून ह्यांना एवढं कळलं नव्हतं की इथल्या "येह, नाह" मधला "येह" फक्त मान राखायला असतो. आपल्याकडे "बघू" म्हणतात ना, तसंच ते.

नेमाच्या मैदानावर ह्यांनी सराव केला आणि मला कबूल करायला हवं, पुठ्ठ्याची बरीच डुकरं मेली. दोन्ही नळ्या नेमानं चालत होत्या. आता शनिवारी शेतावर जायचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात आली खंडेनवमी.

पुण्याहून सासूबाईंचा व्हिडिओ कॉल. त्या दर खंडेनवमीला शिवणाचं मशीन, कात्री आणि अडकित्त्याची पूजा करतात आणि इकडे ह्यांच्याकडून लॅपटॉपची करून घेतात. यंदा त्या म्हणाल्या, "अरे, आता खरं शस्त्र आलंय घरात. त्याला तसंच ठेवणार आहेस का?" झालं. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. रिकामी रायफल तिजोरीतून निघाली, पाटावर बसली. मी म्हटलं, लाकडी दस्त्यावर टिळा लावा आणि मोकळे व्हा. पण सासूबाई कात्रीच्या स्क्रूवर कुंकू लावतात, कारण कात्रीचा जीव तिथे. मग बंदुकीचा जीव कुठे? ह्यांनी भक्तिभावानं चापावर ओलं कुंकू लावलं, हळद लावली, वरून अक्षता वाहिल्या. "एकच चाप असल्याचा हा पण फायदा," हे म्हणाले, "पूजेला सुटसुटीत." नंतर फडक्यानं वरवर पुसून रायफल परत आत गेली. पुरुषांचं पुसणं कसं असतं, ते मी सांगायला नको.

शनिवारी आम्ही घरून, पापाकुऱ्याहून निघून शेतावर पोचलो. मुलगी आणि होणारा जावई आदल्या दिवशीच गेले होते. व्याही आणि आमचे हे ओढ्याकाठच्या झुडपांकडे उतरले, मागे जावई. मी, विहीणबाई आणि मुलगी वरच्या टेकाडावर त्यांच्या चारचाकी क्वॉड बाइकजवळ चहाचा थर्मास घेऊन. विहीणबाईंनी मला बिस्किट दिलं. चिवड्याचा डबा माझ्या पिशवीत होता. तो मी काढला नाही.

डुक्कर निघालं ते चांगलं काळं, दांडगं. ह्यांनी बार काढला. लागला, पण मागच्या फऱ्यात. डुक्कर कळवळलं, गिरकी घेऊन वळलं आणि सरळ ह्यांच्या रोखानं आलं. मला वरून सगळं दिसत होतं. हे चाप ओढत होते. पुन्हा ओढत होते. बंदूक ढिम्म. माझ्या हातातला कप कुठे गेला कळलं नाही. आणि माझ्या कानाशी कोणीतरी जिवाच्या आकांतानं ओरडलं, "बाबा!"

व्याह्यांनी पुढचा चाप ओढला, डुक्कर झोकांडलं. मागचा ओढला, ते आडवं झालं. ह्यांच्या गमबुटांपासून एका काठीच्या अंतरावर.  मग व्याह्यांनी ह्यांच्या हातातून अलगद रायफल घेतली, उघडली, न उडालेलं काडतूस काढलं आणि म्हणाले, "कप ऑफ टी, मेट?"

व्याह्यांच्या घरी पोचेपर्यंत ह्यांना वाचा फुटली होती. हवा दमट आहे. काडतूस जुनं असेल. चापात कधी कधी असं होतं म्हणतात. नाचता येईना अंगण वाकडं, आणि इथे तर अंगण व्याह्यांचंच.  स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी एका बारीक स्क्रूड्रायव्हरनं चापाची पट्टी उघडली, आत टोक घातलं, आणि वर्तमानपत्रावर काहीतरी टपकन पडलं. तांदळाचा दाणा. एका बाजूनं पिवळा, एका बाजूनं लाल, आणि सुकलेल्या कुंकवाच्या चिखलात, त्या सरकणाऱ्या इवल्याशा तुकड्याच्या वाटेतच घट्ट बसलेला.

व्याह्यांनी तो चिमटीत धरून उजेडात पाहिला. "राइस?"

मी मुलीकडे पाहिलं. तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं, संपलं. चिवडा पिशवीत ठेवून काय उपयोग, आमचं वीअर्डपण बंदुकीतूनच सांडलं. आता ही उठेल आणि बाहेर जाईल.

आमचे हे प्रसंगावधानी. म्हणाले, "सेकंडहँड आहे ना, आधीच्या मालकाचा असेल." म्हणजे कोणा मेंढपाळानं चापाला अक्षता वाहिल्या होत्या.

"नो," मुलगी म्हणाली. "इट्स अवर्स."

आणि ती सांगायला लागली. इंग्रजीतच सांगितलं तिनं, पण असं सांगितलं की मीही ऐकत राहिले. वर्षातून एक दिवस, ज्या वस्तूच्या जिवावर आपण जगतो तिच्यापुढे हात जोडायचे. माझी आजी शिवणाच्या मशीनला जोडते, बाबा लॅपटॉपला. ही त्याची अक्षत. बाबा तुमच्याबरोबर यायला घाबरला होता, म्हणून त्यानं जरा जास्तच घातली. ती "डॅड" म्हणाली नाही.

व्याह्यांनी दाणा वर्तमानपत्रावर जपून ठेवला. मग उठून आपली जुनी दोन चापांची रायफल आणली, उघडून रिकामी असल्याचं सगळ्यांना दाखवलं आणि टेबलावर मुलीपुढे ठेवली. "हिनं आज तुझ्या बाबाचा जीव वाचवला," ते म्हणाले. 'बाबा' हा शब्द त्यांच्या तोंडात अगदी नवा होता. "हिला कोणी थँक यू म्हटलंय का? मागच्या चापाला लाव, लव्ह. अडकलाच तर माझ्याकडे एक जास्तीचा आहे."

मुलगी माझ्याकडे वळली. विहीणबाई होत्या, जावई होता, सगळे होते.

"आई," ती म्हणाली, "कुंकू आहे ना तुझ्याकडे?"

होतं. माझ्या पिशवीत कायम असतं, चिवड्याच्या डब्याखाली. करंडा घाईघाईनं उघडताना टेबलक्लॉथवर थोडं सांडलं आणि विहीणबाई म्हणाल्या, राहू दे, राहू दे. मुलीनं अनामिकेनं कुंकू घेतलं. अनामिकेनंच घ्यायचं असतं, हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. दर वर्षी मी पूजा करायची तेव्हा ती सोफ्यावर फोनमध्ये डोकं घालून बसलेली असायची. म्हणजे मला तसं वाटायचं.

तिनं आधी दस्त्यावर टिळा लावला, मग मागच्या चापाला नुसतं बोट टेकवलं. नखाएवढंही नाही.

आमच्या ह्यांनी घसा खाकरला. "तसं पाहिलं तर एकाच चापाचा एक फायदा असा की..."

"येह, नाह," मुलगी मान वर न करता म्हणाली. "बाबा, तू गप बस ना जरा."