साठ टक्के कुरडया

केदारखेड्याला मी नवानवा विज्ञानाचा मास्तर झाल्तो, अन् बीएस्सीचा माज काही उतरत न्हवता. त्या वैशाखात बहिणीचं लग्न होतं. रुखवतात आईच्या हातच्या कुरडया मांडायच्या होत्या. विहिणीपुढं तिची सगळी इज्जत त्याच्यावरच. गहू तीन दिवस भिजवून चीक काढलेला, आता थांबलं तर आंबणार. अन् नेमकं त्याच सकाळी आभाळ भरून आलं.

"पाऊस येईल का रे?" आईनं विचारलं.

"येईल, न्हाई येणार, असं बोलायचं नसतं. टक्क्यात बोलायचं," मी म्हणालो. "एकाचा अंदाज चुकतो, म्हणून पाच जणांचा घ्यायचा."

अन् वही घेऊन निघालो की! रेडिओ म्हणाला, तुरळक ठिकाणी पाऊस. चुलत्यांचा गुडघा ठणकून राह्यलता, ते म्हणाले, येणारच. एसटीचा कंडक्टरही म्हणाला, येणार. गिरणीवाला अन् शेजारची मावशी म्हणाले, काही येत न्हाई. पाचात तीन. मी अंगणातूनच ओरडलो, "साठ टक्के!"

"मंग मी काय करू, बाबा?"

ते काही पुस्तकात न्हवतं. शेवटी आईनंच हिशेब लावला. शंभर कुरडया घातल्या, त्यातल्या साठ घरात खाटांवर अन् चाळीस बाहेर.

चार दिवस थेंब पडला न्हाई. बाहेरच्या खडखडीत वाळल्या. घरातल्यांना अशी बुरशी आली, की म्हशीनं तोंड फिरवलं. आई रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चुलते समजूत काढायला आले. "माझा गुडघा कधी फसवत न्हाई, वहिनी. त्या दिवशी रेडिओवर ऐकलं अन् लगीच ठणकायला लागला. मी तर कंडक्टरलाबी सांगून आल्तो."

आईनं डोळे पुसले. "अगं बया! म्हंजे तिघं न्हवतेच. एकटा रेडिओच तीनदा बोलला!"

लग्नात परातीत पातेलं उपडं घालून त्याच्यावर चाळीस कुरडया रचल्या. मी देवाचा धावा करत बाजूला उभा. विहीणबाई वाकून बघायला लागल्या.

"केवढ्या केल्या हो! शंभर तरी असतील?"

आईनं पदर सावरला, माझ्याकडं बघितलं.

"बराबर न्हाई सांगता येत," ती म्हणाली. "आमच्या मास्तरला विचारा. टक्क्यात सांगंल."