प्रेसबिटरीचा इतिहास आणि एका सभासदाचा विरोध

आता काय सांगू तुम्हाला, माणसानं सभेत तोंड म्हणून उघडू नये! आमच्या चर्चची रीतच अशी, जो सुचवेल त्याच्याच गळ्यात काम. मी पुण्याहून बेंगळुरूला येऊन जेमतेम वर्ष झालेलं. प्रेसबिटरीच्या बैठकीत नुसता ऐकायला बसलो होतो आणि बोलून गेलो, "आपला इतिहास कुणीतरी लिहायला हवा."

झालं! पडलं गळ्यात.

प्रेसबिटरी म्हणजे या भागातल्या आमच्या सगळ्या मंडळ्यांचा कारभार पाहणारी सभा. पाळक आणि एल्डर, म्हणजे मंडळ्यांनी निवडलेले वडीलधारे, जमतात आणि साध्या पंख्यावरही ठराव करतात.

नाही म्हणायची सोयच नव्हती. मला शेरनशी लग्न करायचं होतं आणि तिचे वडील, राजाजीनगरचे सॅम्युएल अण्णा, तिथले जुने एल्डर. ते एवढंच म्हणाले, "आधी इतिहास लिहा, मग बघू."

हेब्बाळचं ऑफिस सुटलं की मी जुन्या सभांच्या मिनिट्सच्या वह्यांत! डोकं उठलं हो. पंखे लावावेत: मंजूर, एका सभासदाचा विरोध. उपासनेनंतर चहा द्यावा: मंजूर, एका सभासदाचा विरोध. माइक, गिटार, नव्या खुर्च्या... विरोध, विरोध, विरोध! नाव मात्र कुठेच नाही. विरोधकाचं नाव लिहायचं नाही, हा यांचा दंडक. सांगा, कुणाचं टाळकं फिरणार नाही?

मग मीही सूड घेतला. इतिहासातच लिहिलं आणि भर सभेत वाचून दाखवलं, "या थोर गृहस्थांनी चहालाही सोडलं नाही. यांच्या जावयाची मला मनापासून कीव येते."

तरुण मंडळी खो खो हसली. म्हातारी मंडळी आपापल्या चपला न्याहाळत होती. मला वाटलं, प्रार्थना करताहेत! शेरननं कपाळाला हात लावला.

सभा चालवणाऱ्या मॉडरेटरनी विचारलं, "इतिहास स्वीकारायला कुणाचा विरोध?"

"स्वल्प थांबा." सॅम्युएल अण्णा उठले.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मेलो!

"विरोध नाही, दुरुस्ती आहे," अण्णा म्हणाले. "'एक सभासद' काढा, माझं नाव घाला. मी काय लपून विरोध केला काय?"

"अण्णा, ते जावयाचं वाक्य मी आत्ता खोडतो!"

"खोडू नका. सरी, बरोबर लिहिलंय. लग्न होऊ दे, तुम्हालाच पटेल."

इतिहास एकमतानं मंजूर झाला. त्या दिवशी अख्ख्या सभेत विरोध नोंदवावासा वाटत होता तो एकट्या मला, आणि मला मताचा अधिकारच नव्हता!