मिलिंदचा उजवा हात

मिलिंद गेला तेव्हा मी कंपनीच्या क्लीनरूममध्ये, धुळीचा कणही चालत नाही अशा दालनात, होतो. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, फोन बाहेर लॉकरमध्ये. अश्विनीचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, मेसेज दुपारी एकला आलेला. मी वाचला पाचला. चार तास तो माझ्यापुरता जिवंतच होता... आणि त्या चार तासांत मी एका नव्या इंजिनीअरला काम शिकवत हसत-खिदळत होतो. त्याला आता सहा आठवडे झाले. इथल्या, आयर्लंडमधल्या लिमरिकच्या मराठी मंडळींचं त्याच्याविषयी गोड बोलून झालंय. मला जे सांगायचंय ते गोड नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी पुण्याहून इथल्या कंपनीत आलो. गावाबाहेरच्या धरणाच्या अफाट पाण्यावर मासे पकडायला मला त्यानेच शिकवलं. त्याचं वेड एकच: पाईक नावाचा लांबोडका, दातेरी मासा, आणि तोही पाण्यावर तरंगणाऱ्या रबरी बेडकाने पकडायचा. लव्हाळ्याच्या कडेला बेडूक नेमका टाकायचा, वलयं विरेपर्यंत श्वास रोखून थांबायचं, मग मनगटाचा हलका झटका... पाणी फुटायचं आणि जबडा वर यायचा. पकडलेला मासा तो हळुवार हाताने परत सोडायचा. माणसांशी मात्र इतका हळुवार नव्हता. "समीर, तू बेडूक फेकतोयस की थालीपीठ थापतोयस?" हे चारचौघांत. मी वरवर हसायचो. आत सगळं साठवून ठेवायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये परतफेडीची संधी आली. बोटीत आम्ही दोघं आणि बोटवाला डेक्लन. त्या दिवशी मिलिंदचा बेडूक लव्हाळ्यापर्यंत पोचेचना. कधी बोटीपासून दोन हातांवर पडे. एकदा तर डेक्लनच्या टोपीत अडकला. मग मी सुटलोच. "उजवा हात ऑफिसात विसरलास का रे?" दर फेकीला नवा टोमणा. डेक्लनला मराठी कळत नव्हतं, पण चेहरे कळत होते. "लीव्ह हिम बी," सोड त्याला, असं तो म्हणाला. मी कसला ऐकतोय... तेवढ्यात पाणी फुटलं. मोठा पाईक! मिलिंदने दोन्ही हातांनी रॉड धरली, पण उजवं मनगट लुळं पडल्यासारखं वळलं आणि रॉड हातातून निसटून पाण्यावरून ओढली गेली, बुडाली. मी पोट धरधरून हसलो. उघड्या बोटांकडे बघत तो जरा वेळ बसला, मग तोही हसला.

नोव्हेंबरात निदान झालं. मोटर न्यूरॉन. एकेक स्नायू बंद पडत जातो, डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख. आधी हात गेले, मग पाय, मग आवाज.

शेवटचा भेटलो तेव्हा तो नजरेने स्क्रीनवर एकेक अक्षर निवडून बोलायचा. अश्विनी औषधं आणायला गेली होती. मी खुर्ची जवळ ओढली आणि महिनोन्‌महिने घोकलेलं एकदाचं बोललो. "त्या दिवशी बोटीत मी फार वाईट वागलो रे. मला माफ कर." त्याची नजर स्क्रीनवर फिरू लागली. अक्षरं उमटायला किती वेळ लागला... मी मान खाली घालून बसलो. शेवटी यंत्राचा सपाट आवाज आला, "ते नंतर बघू. आधी नाक खाजव."

मी खाजवलं. ते 'नंतर' कधी आलंच नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. अश्विनी म्हणाली, "चहा तूच कर, मला उठवत नाही." कपासाठी प्रेस उघडायला गेलो, इथल्यासारखं आम्हीही कपाटाला प्रेसच म्हणतो. मुठीला मासेमारीच्या जाड दोऱ्याचा फास बांधलेला. दुसऱ्या प्रेसलाही. फ्रिजलाही. बोटांनी धरायला लागू नये, मनगट अडकवून नुसतं ओढलं की दार उघडावं, अशा बेताचे.

"निदान झाल्यावर बांधलेस का?" मी विचारलं.

"मी नाही, त्यानेच. मार्चमध्ये, सेंट पॅट्रिकच्या सुट्टीत, तुम्ही बोटीत गेलात त्या जूनच्या कितीतरी आधी. तेवढी बोटं चालत होती तेव्हा." ती खिडकीकडे बघत होती. "हात जातोय हे त्याला कळलं होतं. मी म्हटलं, समीरला तरी सांग. तर म्हणाला, नको, मग तो मला बोटीत नेणार नाही."

मी फासात मनगट अडकवलं आणि ओढलं. दार लगेच उघडलं.