काढा धाकटीचा, जळफळाट थोरलीचा

दोघी जावांना मधुमेह एकाच वर्षी जडला, आणि त्यातही कौतुक झालं ते धाकटीचंच. थोरली शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. त्या टाचण्यांमुळेच घरात शांतता आहे, असं तिचा नवरा म्हणायचा.

धाकटी कुठल्याशा वैद्याकडून पाला आणून रोज काढा उकळायची. डॉक्टरांच्या गोळ्याही चालू होत्या, पण श्रेय सगळं काढ्याला. तिची साखर उतरली, अंगही उतरलं. सासूबाई थोरलीला ऐकवायच्या, "बघ, कशी शेलाटी झालीय! नाहीतर तू." थोरलीच्या पोटात दुखायला लागलं, आणि त्या दुखण्यावर कसलाच काढा चालत नाही. गोळ्या तीही वेळेवर घ्यायची, पथ्य पाळायची. पण तिची साखर आणि तिची कंबर, दोन्ही जागच्या हलत नव्हत्या.

एक दिवस धाकटी ड्रेस घेऊन आली. "जाऊबाई, सैल होतोय हो. जरा आत घ्या ना."

थोरलीनं घेतला, पण मुद्दाम ढिलाच ठेवला. अंगाबरोबर बसवला असता तर बाईसाहेबांनी घरभर मिरवलं असतं! चार लोकांत धाकटी गबाळी दिसली आणि थोरलीला त्या दिवशी गाढ झोप लागली.

ड्रेस परत आला. या खेपेला लाजेकाजेस्तव तिनं तो नीट बेतून दिला. महिना जातो न जातो तोच धाकटी पुन्हा दारात, आणि ड्रेस खांद्यावरून ओघळतोय. थोरलीनं टेप लावली. कंबर तर गेली होतीच, दंड आणि खांदेही गेले होते. टाचणी खोचताना कुशीला बोट लागलं, तशी धाकटी कळवळली.

"दुखतं?"

"थोडंसं. वैद्य म्हणाले, रोग बाहेर पडतोय."

"जेवतेस ना नीट?"

"भूकच नसते. काढ्याचा गुण. तुम्हाला नाही कळायचं."

थोरलीचा हात थांबला. तिच्या आईलाही मधुमेह होता, आणि शेवटी ती कर्करोगानं गेली. आईचे कपडेही असेच पुन्हा पुन्हा आत घ्यावे लागले होते. पण हे बोलायचं कोणत्या तोंडानं? 'डॉक्टरला दाखव' म्हटलं की सासूबाई म्हणणार, 'हिला बघवत नाही!' आणि खरंच, तिला बघवत नव्हतंच.

मग तिनं आपला मत्सरच कामाला जुंपला. "मी नाही मानत तुझा काढा," ती ठसक्यात म्हणाली. "मोठ्या डॉक्टरकडे जा, कुशीचं दुखणं सांग, सगळ्या तपासण्या कर. ठणठणीत निघालीस तर चारचौघांत कान पकडीन, आणि मीही तोच काढा पिईन."

थोरलीची जिरवायची अशी संधी कोण सोडतं? धाकटी दुसऱ्याच दिवशी गेली.

मूत्रपिंडात गाठ निघाली, कर्करोगाची. पसरलेली नव्हती, काढता येण्यासारखी होती. "हे काढ्यानं झालं का?" सासूबाईंनी रडत विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण बारीक होण्याचं श्रेय काढ्याला देत राहिलात, त्यात वेळ गेला."

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी थोरली तोच ड्रेस घेऊन दवाखान्यात आली. आत घेतलेल्या सगळ्या शिवणी उसवलेल्या होत्या.

"हा तुला घट्ट झाला पाहिजे," ती म्हणाली.

धाकटी क्षीण हसली. "जाऊबाई, अजून जळता माझ्यावर?"

"जळते तर! सासूबाई सकाळपासून तुझ्या उशाशी बसल्यात. मी तापानं फणफणले होते तेव्हा दारातूनसुद्धा डोकावल्या नव्हत्या." तिनं डोळे पुसले आणि ड्रेसची घडी उशाशी ठेवली. "लवकर घरी ये. नाहीतर मी जळू कुणावर?"