हमीदभाईंनी न केलेली मात

शिंप्याच्या दुकानात चिंध्या साठतात, तसे किस्सेही साठतात! दुसरं महायुद्ध संपलं त्या सुमाराला मी विट्यात मास्तर होतो. शाळा सुटली की हमीदभाई शिंप्याच्या दुकानात जाऊन बसायचो. तिथं हमीदभाई आणि पलटणीतून पेन्शनीवर आलेले आबा रोज बुद्धिबळाचा पट मांडायचे. एरवी एका ताटात जेवणारी ही माणसं लाकडी घोड्यावरून एवढी का खवळतात, याचं मला भारी कुतूहल.

* * *

एकदा आबांच्या वजिरावर माशी बसली. आबांनी ती बोटानं हाकलली.

"हात लागला! आता वजीर हलवा!" हमीदभाई ओरडले.

"आरं, माशी हाकलली!"

"माशीनं हात लावला आसता तर सोडलं आसतं!"

वजीर हलला आणि मेला. दोघांचं बोलणं बंद. खेळणं मात्र चालूच! मध्ये बसायचो मी.

"मास्तर, त्येनला सांगा, शह हाय."

"मास्तर, त्येला सांगा, मला डोळं हायती!"

* * *

हमीदभाई खेळता खेळता मशीन चालवायचे. एका डावात त्यांचा राजा अडकला आणि इकडे सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. कापड तेव्हा रेशनवर. गिऱ्हाईक खवळलं.

आबा म्हणाले, "सदऱ्याचं ऱ्हाऊ द्या. ह्येनं उंट दिला आसता तर राजा सुटला आसता!"

गिऱ्हाईकानं पटाकडं पाहिलं. "न्हाई आबा, घोडा द्यायचा!" म्हणालं आणि मांडी घालून बसलं.

* * *

आबांचे जावई पाटणहून आले. सासऱ्याचा मान राखायचा म्हणून डावात मुद्दाम हरले. आबांच्या ते लगेच लक्षात आलं!

"जावईबापू, मला ल्हान पोर समजलासा? आत्ताच्या गाडीनं निघा!"

घरी जावयासाठी पुरण शिजत होतं. पोळ्या आम्ही दुकानात बसून खाल्ल्या.

* * *

आबांचा शब्द म्हणजे शब्द. सोंगट्यांचा डाव हरल्यावर चुलतभावाला म्हणाले होते, "तुज्या दारात येणार न्हाई!" पुढं त्याच्या मुलीचं लग्न निघालं. आबांनी अक्षता रस्त्यावरूनच टाकल्या!

* * *

आणि हा किस्सा एका सुगीतला. हमीदभाई सारखे जिंकत होते, वर चिडवत होते. आबांचा पारा चढला.

"ह्यो डाव हरलो, तर तुज्या दुकानाची पायरी चडणार न्हाई!"

हमीदभाईंचं हसू मावळलं.

बघता बघता आबांचा राजा कोपऱ्यात गेला. मात मलासुद्धा दिसत होती! मुद्दाम हरावं, तर आबा ओळखणार. जिंकावं, तर आबा कायमचे जाणार.

हमीदभाईंनी घाम पुसला आणि आबांचं एक प्यादं खाल्लं. मग घोडा. मग आणखी एक प्यादं.

"हमीदभाई, मात करा की!" एकाला राहवेना.

"तुमी गप बसा वो!" हमीदभाई पटावरून मान न उचलता म्हणाले.

आमच्याकडं नियम असा, की समोरच्याचा नुसता राजा उरला, की झाली बुर्जी. ना हार, ना जीत. शेवटचं प्यादं उचलून हमीदभाई हळूच म्हणाले, "बुर्जी झाली, आबा."

आबांनी पटाकडं पाहिलं. मग हमीदभाईंकडं.

"मात सोडून प्यादी खात बसलास? लय खादाड हायस गड्या! चल, मांड परत."